मारिओ नीट, विटा गायब: धुळ्याच्या लॉटमधला क्लोन अखेर सुधारला

लागला एकदाचा! धुळ्याच्या लॉटमधला तो लाल-पांढरा क्लोन, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलची नक्कल, काल भर दुपारी, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत असताना, सलग चालत राहिला आणि पडद्यावरची एक वीटही हलली नाही. मागची नोंद वाचलेल्यांना त्याचा रोग आठवत असेल. सकाळी लावला की गेम झकास, उन्हं चढली की चित्राचा पार चिवडा. कॅसेट खोचायचा नवा ६० पिनी स्लॉट मागवून जुना उपटायचा, असं मी तेव्हा जाहीर केलं होतं. तो बेत रद्द. दोष स्लॉटमध्ये नव्हता, कॅसेटमध्येही नव्हता.

साफसफाईचं आधी थोडक्यात सांगतो. स्लॉटमधून निघाला कापूस. हा कन्सोल जिनिंगच्या शेजारच्या घरात वर्षानुवर्षं पडून होता. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक पितळी पात्यामागे तंतूंचं बारीक वेटोळं, त्यात काळ्या मातीची धूळ आणि वर हिरवट जंग. ब्रशने हे तंतू आणखी आत जातात, म्हणून शिवणाच्या सुईच्या बोथट टोकाने एकेक बाहेर ओढला. मग जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळलं, आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलात) भिजवलं आणि स्लॉटमध्ये वर-खाली केलं. कापड कोरं निघेपर्यंत हेच. कॅसेटच्या पट्ट्यांना इअरबड आणि आयपीए पुरलं, जिथे काळपटपणा हटेना तिथे पांढरं खोडरबर हलक्या हाताने. भांडी चकचकीत करायची पॉलिश कॅसेटला लावू नका, कोणी कितीही सांगो. तिच्यात घासणारी पूड असते आणि पट्टीवरचा सोन्याचा थर मुळातच अतिशय पातळ असतो. फुंकरही नको, तोंडातल्या ओलाव्याने पुढे जंगच चढतो.

एवढं करूनही दुपारी चिवडा होतच राहिला. मग घासणं थांबवलं आणि पडद्यावर नेमकं काय बिघडतंय ते शांतपणे पाहिलं. खरी गंमत इथे सुरू झाली.

संगीत व्यवस्थित, मारिओ व्यवस्थित, उड्या मारतोय, कासवंही त्याच्या अंगावर येतायत. बिघडतं ते फक्त मागचं चित्र. विटांच्या जागी मारिओच्या टोपीचे, बुटांचे, कासवाच्या पाठीचे तुकडे रांगेने लागलेले. फॅमिकॉम पद्धतीच्या कॅसेटमध्ये प्रोग्रॅमची मेमरी वेगळी आणि चित्रांची वेगळी, दोन्हींच्या तारा वेगळ्या पिनांवर. गेम चालतोय म्हणजे प्रोग्रॅमच्या तारा ठणठणीत. मारिओच्या कॅसेटमध्ये प्रोग्रॅम ३२ केबीचा आणि चित्रं ८ केबीची. या ८ केबीचे दोन भाग, ४-४ केबीचे, प्रत्येकात ८ बाय ८ ठिपक्यांच्या २५६ फरशा. पहिल्या भागात हलणारी पात्रं, दुसऱ्यात विटा, ढग, नळकांडी, अक्षरं. कोणत्या भागातून फरशी उचलायची हे एकच तार ठरवते, चित्रांच्या बाजूची ए१२. ती तार शून्यावरच अडकली तर विटा मागितल्या तरी पहिल्या भागातलीच फरशी मिळणार, म्हणजे टोपी आणि बूट. पडदा अक्षरशः तारेचं नाव सांगत होता!

एवढं कळल्यावर शोध साठ पिनांवरून एका पिनेवर आला. कॅसेटची ती पट्टी मल्टिमीटरवर बीप देते, स्लॉटचं पातं देतं, पात्यापासून मेन बोर्डावरची रेघही देते. दुसऱ्या कॅसेटमधल्या मारिओलाही दुपारी तोच आजार, म्हणजे कॅसेट निर्दोष. उरला काळ्या ठिपक्याचा छोटा बोर्ड. या क्लोनमध्ये अख्खा फॅमिकॉम एका चिपमध्ये असतो, तिच्यावर काळं इपॉक्सी ओतलेलं, आणि तो छोटा बोर्ड मेन बोर्डावर उभा करून एका कडेने सोल्डर केलेला.

इथे आमच्या गल्लीतले टीव्हीवाले काका कामी आले. बोर्ड हातात घेऊन त्यांनी फक्त वाकवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कॅसेट घासू घासू सोनं उडवशीन भो. आधी ड्राय सोल्डर पाह्य." चाळीस वर्षं पिक्चर ट्यूबचे टीव्ही उघडलेल्या माणसाची नजर ती! तापल्यावर बिघडतं आणि गार झाल्यावर सुधरतं, हे ऐकूनच त्यांनी निदान केलं होतं. पिन, सोल्डर आणि बोर्ड उष्णतेने सारखे फुगत नाहीत. सोल्डरच्या जुन्या टाक्यात भेग असली की सकाळी ती मिटलेली असते, दुपारी उघडते.

नेमका कोणता टाका हे शोधायची युक्तीही त्यांचीच. हेअर ड्रायर मंद ठेवून बोर्ड तापवला, विटा बिघडल्या. ड्रायर बंद करून लांब ठेवला (आयपीए पेट घेतं, हा क्रम चुकवू नका) आणि भिजवलेल्या इअरबडने कडेचा एकेक टाका टेकवत गेलो. आयपीए उडताना तेवढीच जागा गार करतं. डावीकडून सरकत पाचव्या टाक्यावर आलो आणि पडद्यावर सगळ्या विटा एकदम जागच्या जागी! इअरबड उचलला, थोड्या वेळात परत टोपी-बूट. पुन्हा टेकवला, पुन्हा विटा. हे मी गरजेपेक्षा जास्त वेळा केलं, कारण त्यात फार आनंद होता.

सराफ बाजारातल्या मित्राचं दहापट भिंग लावलं तेव्हा ती भेग दिसली. टाक्याच्या पोटाला केसाएवढी काळी रेघ, अर्धगोलाकार. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) ओढून घेतलं, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, ६३/३७ चं (कथील/शिसं) नवीन सोल्डर दिलं. मग त्या कडेचे सगळेच टाके नव्याने भरले. एक सुटला तेव्हा शेजारचेही त्याच वाटेवर असणार. २५ वॅटची साधी सोल्डरिंगची इस्त्री आणि बारीक टोकाचा बिट पुरतो, महागड्या स्टेशनची गरज नाही. फ्लक्सवर मात्र पैसे वाचवू नका.

हे लिहिता लिहिता आणखी एक लक्षात आलं. टाका मुळात तापत कशाने होता? शेजारीच ७८०५ रेग्युलेटर आहे. तो ५ व्होल्ट देतो आणि वरचे सगळे व्होल्ट उष्णता म्हणून सोडतो. लॉटबरोबर आलेल्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अॅडॅप्टरवर ९ लिहिलंय, पण लोड नसताना मीटरवर १३ च्या आसपास येतात. आता साडेसात व्होल्टचा रेग्युलेटेड अॅडॅप्टर लावणार. ७८०५ ला वर साधारण २ व्होल्टची जागा लागते, ती मिळते, आणि ९ व्होल्टच्या मानाने उष्णता बरीच घटते. माझ्या बोर्डावर सगळं काही ७८०५ च्या ५ व्होल्टवरच चालतं, हे मी तपासलंय. तुमच्या बोर्डावर तुम्ही तपासा, आणि अॅडॅप्टरच्या पिनेची पोलॅरिटीसुद्धा (प्लस आत की बाहेर). क्लोनमध्ये ती सरसकट एकसारखी नसते.

आयपीएबद्दल एक इशारा. इथल्या एका दुकानातून ९९ टक्के म्हणून घेतलेल्या बाटलीत सरळ पाणी निघालं. थोडंसं काचेच्या लहान बाटलीत घेऊन त्यात भरपूर मीठ टाकून हलवा. पाणी बरंच असेल तर दोन थर वेगळे होतात, चांगल्या आयपीएत मीठ नुसतं तळाशी बसतं. आता मी प्रत्येक नव्या बाटलीची ही परीक्षा घेतो.

पिवळ्या पडलेल्या कव्हरला पेरॉक्साइड क्रीम लावून उन्हात ठेवायचं या वैशाखासाठी ठरवलं होतं. ते पुढे ढकललंय. आपल्याकडच्या मे महिन्यात क्रीम बघता बघता सुकतं, आणि सुकलं की प्लास्टिकवर पांढरे पट्टे उमटतात, जे नंतर जात नाहीत. दिवाळीनंतरचं मऊ ऊन घेईन, आणि क्रीमऐवजी पारदर्शक डब्यात पातळ पेरॉक्साइडमध्ये कव्हर बुडवून.

राहिला साठवणीचा प्रश्न. पत्र्याखालचा माळा कायमचा बंद. तिथे ठेवलेल्या कंट्रोलरच्या वायरने कन्सोलच्या कव्हरवर खोल चर पाडलाय. वायरच्या पीव्हीसीतलं मऊ करणारं द्रव्य उष्णतेत बाहेर येतं आणि ज्याला टेकेल ते प्लास्टिक खातं. वायर नेहमी सुटी, सुती कापडात गुंडाळलेली. फोमचे तुकडे नकोत, काही वर्षांत त्यांचा चिकट लगदा होतो. डांबर गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते.

एअरटाइट प्लास्टिकचे डबे घ्यायला निघालो होतो, पण मावशीकडे चोपड्याला गेलो आणि विचार बदलला. तिचं जुनं धाब्याचं घर. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. बाहेर ४४ आणि मधल्या खोलीत पाऊल टाकताच अंगावरचा घाम सुकावा इतका फरक. तिथेच ज्वारीची स्टीलची कोठी रिकामी पडलीय, घट्ट झाकणाची. मावशी म्हणाली, "ने रे बाबा, नाहीतरी उंदरांना हॉल झालाय तो." नेण्याऐवजी मी कॅसेटाच तिथे ठेवणार. वाळवी आणि जमिनीची ओल टाळायला कोठी विटांवर उचलून ठेवलीय, तळाशी नारिंगी सिलिका जेलच्या पिशव्या. निळी घेत नाही, तिच्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. नारिंगी दाणे ओल धरली की हिरवे पडतात, मंद आचेवर भाजून परत वापरता येतात.

काळजी पावसाळ्याची आहे. मातीच्या भिंती आषाढात ओल धरतात, आणि झाकण कितपत हवाबंद आहे ते तेव्हाच कळेल. म्हणून आधी फक्त डुप्लिकेट कॅसेटा ठेवल्यात, एक हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) कोठीच्या आत आणि एक बाहेर खोलीत. दोन्हीकडचे आकडे मावशीचा मुलगा दर रविवारी फोटो काढून पाठवणार आहे. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली तर पोळ्यानंतर सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या बॅटरीवाल्या कॅसेटाही तिकडे हलवतो. त्याआधी त्यांच्या सीआर२०३२ या नाण्यासारख्या बॅटरीचे व्होल्ट मोजायचेत.