तुमच्यात दहा टक्के द्यावेच लागतात का?

ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर, सोसायटीची मीटिंग संपल्यावर, एकदा तर रेल्वेत वरच्या बर्थवरून वाकून, हा प्रश्न मला कित्येक वर्षं विचारला जातोय. “तुम्हा ख्रिश्चन लोकांना म्हणे पगाराचा दहावा हिस्सा चर्चला द्यावाच लागतो. नाही दिला तर काय करतात हो?” विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीव असते, थोडं कौतुक असतं, आणि मनातल्या मनात त्यानं माझ्या पगाराचा दहावा भाग काढलेलाही असतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाही दिला तर काहीही करत नाहीत. घरी कुणी येत नाही, नाव फळ्यावर लागत नाही. काही मंडळ्यांत (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) वर्षाची वर्गणी थकली तर वार्षिक सभेत मत देता येत नाही, फार तर इतकंच. रविवारी उपासनेत गायन सुरू असताना अर्पणाची थैली ओळीओळीतून फिरते. कुणी पाचशेची नोट टाकतं, कुणी दहाचं नाणं, कुणी नुसता हात आत घालून बाहेर काढतं. थैली कापडाची आणि खोल असते ती त्यासाठीच. काही जण दशांशाचं पाकीट देतात, नियमानं देतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण सक्ती म्हणाल तर ती नाही.

दशांश आला जुन्या करारातून, म्हणजे यहुदी लोकांच्या नियमशास्त्रातून. इस्राएलाच्या बारा वंशांत जमिनीची वाटणी झाली तेव्हा लेवी वंशाला जमीन मिळाली नाही. त्यांनी मंदिराचं काम पाहायचं आणि बाकीच्यांनी धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दहावा भाग त्यांना द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. अनुवादाच्या पुस्तकात तर अशीही आज्ञा आहे की दशांश घेऊन सणाला जा आणि घरच्या माणसांसह देवासमोर तो खा, मजा करा. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच साठवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. व्यासपीठावरून दशांशावर बोलणारे ही सणाची आणि तिसऱ्या वर्षाची गोष्ट सहसा गाळतात. का गाळतात ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मला स्वतःला दशांशापेक्षा त्याच नियमशास्त्रातली दुसरी आज्ञा जास्त जवळची वाटते. पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत विळा चालवू नका आणि खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असं लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. रूथ ही मवाबी विधवा बेथलेहेमात जगली ती अशाच सरव्यावर. आमच्या नगर जिल्ह्यातल्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज कधीच पडली नाही. माझी आजी दुसऱ्याच्या रानात ज्वारीचा सरवा वेचायला जायची. कुठला शेतकरी कणसं मुद्दाम मागे सोडतो आणि कुठला रान झाडून नेतो, हे तिला तोंडपाठ होतं. रूथची गोष्ट ऐकताना, तिच्यासाठी कणसं मुद्दाम सोडायला सांगणारा शेतमालक बवाज आजीनं लगेच ओळखला असणार.

आमची घराणी ख्रिस्ती झाली ती एकोणिसाव्या शतकात, बरीचशी दुष्काळाच्या आगेमागे. “पोटासाठी बाटले” हा टोमणा आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकलाय. त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. भुकेल्या माणसाला कुणी जेवायला घातलं आणि तो त्याच्या देवाबद्दल विचारू लागला, तर त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेचा, एक आग्रह होता की मंडळीनं आपल्या पाळकाचा, म्हणजे धर्मगुरूचा, पगार स्वतः द्यावा. मिशनच्या बोस्टनमधल्या मुख्य कचेरीचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे येऊन गेले, आणि स्थानिक मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे हे त्यांचं ठाम मत होतं. हे कुणाला सांगितलं जात होतं? ज्यांच्या हाती रोकड क्वचितच यायची, ज्यांचं आयुष्य खळ्यावर लोक देतील ते पदरात घेण्यात गेलं होतं, त्यांना. तुम्हीसुद्धा देऊ शकता, असं त्यांना बहुधा पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. मला वाटतं, आमच्यातल्या देण्याच्या हौसेचं मूळ इथे आहे. घेणारा हात देणारा झाला, याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही.

हे अप्रूप पाहायचं असेल तर आमच्याकडे सुगीच्या सणाला या. त्या रविवारी जो तो शेतातलं, परसातलं काहीतरी घेऊन येतो. वेदीसमोर बाजरीची पोती, ज्वारीची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. एक म्हातारी दरवर्षी पत्र्याच्या डब्यात बाजरी भरून त्यात अंडी खोचून आणायची, म्हणजे एसटीत फुटत नाहीत. उपासना झाली की बाहेर मांडवात लिलाव. आणि या लिलावाची गंमत अशी की घेणारा वस्तू घेतो, पैसे मोजतो आणि ती वस्तू पुन्हा टेबलावर ठेवून म्हणतो, “परत बोला.” एकेक अंडं चारचार जणांनी विकत घेतलेलं मी पाहिलंय. शेवटी ते कुठल्या तरी लहान पोराच्या हातात देतात आणि ते पोर ते फोडतंच.

एका वर्षी भोपळ्यावरून दोघांत चढाओढ लागली. दोघं चुलतभाऊ, बांधावरून बोलणं बंद. शंभराचे पाचशे झाले, पाचशेचे दोन हजार. मांडव टाळ्या वाजवत होता. धाकट्याची बायको मागून त्याचा सदरा ओढत होती, आणि तो तिच्याकडे न बघता आकडा वाढवत होता. लिलाव पुकारणारे आमचे शाळामास्तर होते. त्यांनी हातातला भोपळा खाली ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, बस खाली. आधी घरी विचारून ये. मग देवाला दे.” मांडव एकदम गप्प झाला. भोपळा कुणीतरी दीडशेला नेला. मंडळीचं त्या दिवशी हजारो रुपयांचं नुकसान झालं, आणि अर्पण म्हणजे काय यावर मी ऐकलेला सगळ्यात चांगला उपदेश त्याच दिवशी झाला, असं माझं मत आहे.

मास्तरांनी केलं त्याला शास्त्राचा आधार आहे. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू अशा लोकांवर रागावतो, जे आईबापांना म्हणतात, तुम्हाला जे मिळायचं ते मी ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केलंय, आता तुम्हाला काही देता येणार नाही. देवाच्या नावाखाली घरच्यांच्या तोंडचा घास काढणं येशूला मुळीच मान्य नव्हतं. त्याग करायचा तर आपल्या ताटातलं काढावं लागतं. शेजारच्या ताटातलं काढून भागत नाही, मग ते शेजारचं ताट बायकोचं का असेना. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा संसार आठवा. माणूस मोठा, मन त्याहून मोठं, हातात पैसा टिकायचा नाही, १९१७ मध्ये तर मिशनची पगारी नोकरीही सोडली. पण त्या औदार्याची ओढाताण कुणी निभावली हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या लिखाणातून समजतं. टिळकांबद्दल भक्ती असूनही मला त्या दानाची अर्धी पावती लक्ष्मीबाईंच्या नावानं फाडावीशी वाटते.

आता बायबलातली ती प्रसिद्ध विधवा. यरुशलेमेतल्या यहुदी मंदिरात दानपेट्यांसमोर येशू बसलाय, श्रीमंत लोक भरपूर टाकतायत, आणि एक गरीब विधवा येऊन दोन टोल्या टाकते. टोली हे त्या काळचं सगळ्यात हलकं नाणं. दोन टोल्या म्हणजे दीनाराचा चौसष्टावा भाग, आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. आज रोज ५०० रुपये धरला तर तिनं टाकले ते आठ रुपयेसुद्धा भरत नाहीत. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण बाकीच्यांनी भरलेल्यातून टाकलं आणि हिनं जगण्यापुरतं होतं तेच टाकलं. किती दिलं यापेक्षा देऊन मागे काय उरलं, हे तो बघतो. तुमच्या दहा टक्क्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं ते इथेच. वीस हजार पगारवाल्याचे दोन हजार गेले तर घरात त्याची झळ बसते, वीस लाखवाल्याचे दोन लाख गेले तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पण ही गोष्ट चर्चच्या छपराला पैसे कमी पडले की हमखास वाचली जाते, आणि तिथे माझी तक्रार आहे. मार्काचा बारावा अध्याय दोन ओळी वरून वाचा. विधवा येण्याच्या अगदी आधी येशू शास्त्र्यांपासून, म्हणजे यहुदी नियमशास्त्राच्या पंडितांपासून, सावध राहायला सांगतोय. लांब झगे घालून मिरवणारे, ढोंगानं लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरं गिळणारे, असं त्यानं त्यांचं वर्णन केलंय. लगेच पुढे ही विधवा येते आणि आपलं होतं नव्हतं ते त्याच शास्त्र्यांच्या मंदिराला देऊन जाते. त्यानंतर लगेच येशू म्हणतो, या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. तिचं मन त्यानं वाखाणलं यात शंका नाही. पण ‘तुम्हीही असंच करा’ असं तो तिथे म्हणालेला नाही, आणि ‘बायांकडून असं गोळा करा’ असं तर नाहीच नाही.

देणाऱ्याचा त्याग घेणाऱ्यानं ठरवायचा नाही, हे येशूचा प्रेषित पौल यालाही पक्कं ठाऊक होतं. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासी लोकांसाठी तो ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून मदत गोळा करत होता. मासेदोनियाचे लोक स्वतःच कंगाल होते, तरी आम्हालाही यात वाटा घेऊ द्या म्हणून त्यांनी त्याच्याकडे गयावया केली. करिंथ शहरातल्या मंडळीला हे सांगताना पौल मुद्दाम म्हणतो की मी ही आज्ञा करत नाही, प्रत्येकानं मनात ठरवलं असेल तसं द्यावं, कष्टी होऊन किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये. शिवाय दुसऱ्याचं ओझं उतरवून तुमच्यावर लादायचं असंही नाही, सगळ्यांचं सारखं व्हावं एवढ्यासाठी. टक्केवारीचा शब्द नाही. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदारानं तर न मागता अर्धी मालमत्ता देऊन टाकली आणि ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत केलं.

टीव्हीवर आणि मोबाइलवर हल्ली काही उपदेशक सांगतात की हजार पेरा, देव शंभरपट देईल. दशांश आणा म्हणजे देव ‘आकाशकपाटे उघडून’ आशीर्वाद देईल, हे जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याचं वचन त्यांना फार प्रिय. ही भिशी झाली हो, आणि भिशीत निदान आपला नंबर कधी लागणार ते कळतं. कर्ज काढून असलं ‘बी’ पेरलेली घरं माझ्या पाहण्यात आहेत. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, राग येतो.

त्यापेक्षा मिझोरमचं ऐका. तिथल्या ख्रिस्ती बायकांनी १९१०च्या सुमारास एक रीत सुरू केली. स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर खेपेला त्यातला मूठभर वेगळ्या भांड्यात काढायचा. मंडळीतल्या बाया घरोघरी फिरून तो गोळा करतात, विकतात, आणि त्यावर सुवार्तिकांचे, म्हणजे धर्मप्रचारकांचे, पगार निघतात. बुहफाइ थाम म्हणतात त्याला, आणि शंभराहून जास्त वर्षं झाली तरी ते चालू आहे. मूठ आधी काढायची, उरलं तर नव्हे. रोजचा भात तेवढा कमी शिजतो, आणि तो सगळ्या घराच्या ताटात सारखाच कमी होतो. चढाओढ नाही, कुणाचं नाव पंख्याच्या पात्यावर नाही.

नावावरून आठवलं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की तुझा उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये. आमच्या चर्चांच्या बाकांवर, घड्याळांवर आणि पाण्याच्या कूलरवर मात्र डाव्या हातालाच काय, अख्ख्या गावाला कळेल अशा अक्षरांत नावं आहेत. तुमच्या देवळांतही असतातच. याबाबतीत सर्वधर्मसमभाव पूर्ण आहे.

एवढं ऐकून झाल्यावर बहुतेक जण हसतात आणि खालच्या आवाजात विचारतात, “ते सगळं ठीक, पण तुम्ही स्वतः किती देता?” ते मी सांगत नाही. पाळकांना माहीत नाही, खजिनदारांनाही नाही, कारण मी पाकिटावर नाव घालत नाही. बायकोला माहीत आहे. आकडा दर जानेवारीत आम्ही दोघं बसून ठरवतो, आणि गेली दोन वर्षं तो तिनंच वाढवून घेतलाय.