किती जण आहेत?

जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वेळात हाताशी काम नसलं की माझी बोटं आपोआप 'अपटाइम' टाइप करतात, लिनक्स सर्व्हरवर कामाची किती गर्दी आहे ते सांगणारी कमांड. परवा विक्रोळीच्या ऑफिसात तेच झालं. खिडकीबाहेर पाऊस, आत एसीचा गारठा, आणि पडद्यावर ते तीन आकडे: ०.४२, १.९०, ३.६५. गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा, पंधरा मिनिटांचा सरासरी भार, म्हणजे लोड. मघाशी गर्दी उसळली होती, आता ओसरली. हेच आकडे उलट्या क्रमाने असते, तर चहा तसाच टाकून उठावं लागलं असतं.

हे वाचन मी संगणकाच्या फार आधी शिकलो, लालबागच्या चाळीत. तळमजल्यावर आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. बाबांना ताप आला तरी बाकावर ताटकळणं मंजूर नसायचं. पांघरुणातूनच हुकूम यायचा, "जा रे, बघून ये किती जण आहेत." मी जिना उतरून दारातून डोकावायचो. आत डेटॉलचा वास. कंपाउंडरकाका कात्रीने कागदाच्या पट्टीला खाचा पाडून ती मिक्श्चरच्या बाटलीला चिकटवत असायचे. एक खाच, एक डोस. मी बाकावरची डोकी मोजून वर यायचो.

"नऊ."

"मघाशी किती होते?"

"सहा."

"म्हणजे वाढतायत. थोड्या वेळाने परत जा."

पण बाबा एवढ्यावर सोडत नसत. त्यांचे पुढचे प्रश्न ठरलेले. आज धाकटे डॉक्टर पण बसलेत का? कारण दोघं असले तर नऊ म्हणजे काहीच नाही. आणि औषधासाठी थांबलेले धरलेस की सोडलेस? डॉक्टरांचं काम आटपलं, पण बाटली भरून मिळाली नाही म्हणून बाकावर अडकलेली ही माणसं. डॉक्टरांसाठी ती संपलेली, बाकासाठी नाहीत. ती मोजायची की नाही, यावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. आई म्हणायची, "जागा अडवतात ना? मग मोज."

लिनक्सने आईचं ऐकलं. १९९३ साली मथियास उर्लिक्स नावाच्या प्रोग्रॅमरने एक पॅच, म्हणजे कोडातली दुरुस्ती, पाठवला. तोवर सीपीयूवर चालू असलेल्या आणि सीपीयूची वाट बघणाऱ्या प्रोसेसच (सुरू केलेले प्रोग्रॅम) मोजल्या जात. त्याचं म्हणणं असं, की स्वॅपसाठी (मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा) वेगवान डिस्क काढून संथ डिस्क लावली तर मशीन रखडतं, आणि लोडचा आकडा मात्र उलट खाली येतो. हा काय न्याय? तेव्हापासून डिस्कच्या नावाने खोळंबलेलेही मोजले जातात. म्हणून सीपीयू निवांत आणि लोड तीसवर, असं दृश्य दिसलं की नवी मुलं चक्रावतात. मी म्हणतो, कंपाउंडरकडे बघा.

या भारावर नजर ठेवणारी माझी स्क्रिप्ट तशी चार ओळींचीच आहे. लिनक्स हे आकडे जिथे दाखवतं त्या प्रॉकमधल्या लोडॲव्हजी फाइलीतून आकडा उचलायचा, 'एनप्रॉक' कमांडला सीपीयूचे कोअर, म्हणजे बसलेले डॉक्टर, किती ते विचारायचं, भार त्याहून जास्त भरला तर मेल टाकायचा. स्क्रिप्ट ज्यात लिहिलीय त्या बॅशला अपूर्णांक झेपत नाहीत, तेव्हा तुलना ऑक या दुसऱ्या साधनाकडून करून घ्यायची. ठरल्या वेळी कामं सुरू करणारा क्रॉन तिला दर पाच मिनिटांनी खाली पिटाळतो. यासाठी आता आलेखवाली देखणी साधनं मिळतात, ऑफिसात ती आहेतही. पण मी पाचाचाच आकडा तपासतो, एकाचा नाही, आणि याबाबत कुणाचं ऐकत नाही. एकाचा आकडा फार उतावळा. कुणी जरा मोठी फाइल झिप केली की बोंब ठोकतो.

त्याच फाइलीत पुढे १/२४५ असं काहीतरी असतं. या क्षणी पळणाऱ्या प्रोसेस किती आणि एकूण किती. सगळं सामसूम असलं तरी पहिला आकडा निदान एक दिसतोच, कारण ती फाइल वाचणारा प्रोसेस स्वतः त्यात धरलेला असतो. लहानपणी मी दारात उभा असताना कंपाउंडरकाका हमखास विचारायचे, "तुला काय होतंय रे?" मी मोजायला आलोय हे त्यांना कसं सांगणार!

गेल्या आठवड्यापासून स्क्रिप्टचा एकही मेल नाही. सर्व्हर मजेत असेल. किंवा क्रॉन बंद पडला असेल, किंवा मेल जायचे थांबले असतील. बाबा निदान विचारायचे तरी, "अरे, गेला होतास का खरंच?" सोमवारी बघतो.