मागची भिंत

आज संग्रहालयातून परतल्यापासून जिवाला चैन नाही. कारण सांगायला गेले तर हसू येईल: एक छायाचित्र आणि त्याखालचे तीन शब्द, ‘आता अस्तित्वात नाही’.

छायाचित्रातली भिंत आमच्या इमारतीची मागची भिंत होती. तिच्यावर शिडी धरून उभे असलेले ते पोर रातोरात उमटले, तेव्हा ‘भिंत विद्रूप झाली असून तिला त्वरित रंग द्यावा’ असा अर्ज लिहिणारी मीच. सह्या सगळ्यांच्या होत्या, अक्षर मात्र माझे होते.

त्या ओळीत कोणाचेही नाव नव्हते, तरी मागे उभी असलेली माणसे मला पाठमोरी ओळखतील असे उगीचच वाटत राहिले. शेजारच्या काचपेटीत त्याच चित्राचा पुठ्ठ्याचा साचा ठेवला होता. फवाऱ्याच्या रंगाचे थर बसून त्याच्या कडा टणक झाल्या होत्या, आणि डोळ्याची बाहुली जागेवर धरून ठेवणारी काडीएवढी पट्टी मध्येच तुटल्याने चिकटपट्टीने जोडून घेतलेली दिसत होती. इतक्या निगुतीने केलेल्या कामाला मी ‘विद्रूप’ हा शब्द वापरला होता. रंग लागेपर्यंत रोज त्या भिंतीशेजारून गेले, पण एकदाही थांबले नाही. आज मात्र रखवालदाराने ‘जरा मागे सरा’ म्हणेपर्यंत दोरीला खेटून उभी होते. ओळखीचे कुणी सोबत असते तर काय म्हणाले असते, हे मला ठाऊक आहे. असो.

घरी येताना इटलीतल्या ब्लू या भित्तिचित्रकाराची आठवण झाली. रस्त्यावरची चित्रे भिंतींवरून उतरवून प्रदर्शनात मांडली जाणार, याच्या निषेधार्थ त्याने २०१६च्या मार्चमध्ये बोलोन्यातली आपली वीस वर्षांची चित्रे स्वतःच करड्या रंगाने झाकून टाकली होती. क्षणभर हायसे वाटले, कारण आमच्या भिंतीलाही करडाच रंग दिला होता. पण त्याने झाकले ते त्याचे स्वतःचे होते, आणि मी झाकायला लावले ते दुसऱ्याचे. रंगाची छटा जुळली एवढ्यावर सुटका करून घ्यायची तर माझ्यासारखी वकील मीच. निदान त्या चित्राला संग्रहालयापर्यंत पोहोचवण्यात माझाही थोडा हातभार लागला, असे म्हणता येईल; अर्थात हे कुणापुढे बोलण्याची छाती नाही.

निघताना अभिप्रायवहीत ‘साचा फार आवडला’ असे लिहिले होते. अक्षर मुद्दाम वाकडे काढले.