शुगर मोजली, पाय कुणी पाहिले?

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असल्यामुळे तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. तरीही त्या सुमारास ठिकठिकाणी मोफत तपासणी शिबिरे भरतात. बोटाला सुई टोचून साखर मोजली जाते, चिठ्ठीवर आकडा लिहिला जातो आणि पथ्याचे पत्रक हातात पडते. रांगेतले बरेचजण आधीच मधुमेही असतात आणि 'आज किती आली' एवढेच पाहायला आलेले असतात. त्यांच्यापैकी कुणाला चप्पल काढून पाय दाखवायला सांगितलेले मी आजवर पाहिलेले नाही.

शिबिरे भरवणाऱ्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तेव्हा नवे रुग्ण शोधणे गरजेचे आहेच. परंतु ज्यांना हा आजार दहा-पंधरा वर्षांपासून आहे, त्यांच्यासाठी आकड्याइतकेच महत्त्वाचे असते ते त्या आकड्याने एवढ्या वर्षांत शरीरात काय करून ठेवले आहे, हे पाहणे. ते पाहण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे तळपाय.

रक्तातील वाढलेल्या साखरेने नसांना (मज्जातंतूंना) इजा होते ती आधी सर्वांत लांब नसांना, म्हणजे पायांच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसांना. बोटांपासून सुरू झालेला बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकत जातो. काहींना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. ते हैराण होतात हे खरे, पण मला तर तेच नशीबवान वाटतात, कारण ते डॉक्टरांकडे जातात. ज्यांच्या पायाला काहीच होत नाही, कारण काही जाणवण्याची सोयच उरलेली नाही, ते 'मला काही त्रास नाही' असे सांगत वर्षानुवर्षे काढतात. नसांबरोबर पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असतील, आणि त्यात तंबाखू किंवा विडीची भर असेल, तर एवढीशी जखमही भरून येत नाही, चिघळते आणि पुढे बोटावर, पावलावर बेतते.

पायांची ही जाणीव शाबूत आहे का हे पाहण्याची माझ्या मामांची तपासणी सोलापुरात एकदा मी शेजारी बसून पाहिली. त्यासाठी लागते ते एवढेच: प्लास्टिकच्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक जाडसर धागा. त्याचे टोक कातडीवर टेकवून दाबले की सुमारे १० ग्रॅम जोर पडताच तो वाकतो, आणि तेवढा स्पर्श कळत नसेल तर त्या पायाला जखमेचा धोका आहे असे समजतात. डॉक्टरांनी तो आधी मामांच्या हाताला लावून स्पर्श कसा असतो ते दाखवले, मग त्यांना डोळे मिटून 'लागले की हो म्हणा' असे सांगितले. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली धागा वाकला, मग चवड्यावर दोन ठिकाणी वाकला. मामा गप्प. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "लावा की ओ डॉक्टर, कवापासून डोळे मिटून बसलोय." त्यांची साखर त्या महिन्यात चांगली होती आणि त्या आकड्यावर ते खूश होते.

बधिर पायांविषयी वैद्यकशास्त्र जे जाणते, त्यातले बरेचसे कुष्ठरुग्णांच्या पायांनी शिकवले आहे, आणि त्यातला मोठा भाग भारतात शिकला गेला. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे आजाराने आपोआप 'झडत' नाहीत. वेदना न कळल्यामुळे झालेल्या भाजण्या, कापण्या आणि सततच्या दाबाच्या जखमा दुर्लक्षित राहतात आणि त्यातून बोटे जातात. पुढे १९६६ पासून अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात काम करताना त्यांनी हाच विचार मधुमेही पायांनाही लावला. आजही मधुमेही रुग्णांना जी मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराची चप्पल लिहून देतात, ती आपल्याकडे आधी कुष्ठरुग्णांच्या पायांत आली. मला वाटते, दोन्ही आजारांचे हे नाते लोकांना सांगायला आपण उगाच बिचकतो. कुष्ठरोगाचे नाव काढले की लोक घाबरतात हे खरे. पण मधुमेहाच्या बधिर पायाला लोक मुळीच घाबरत नाहीत, ही अडचण त्याहून मोठी आहे.

आपल्या भागात तर पाय उघडे ठेवण्याचे प्रसंग पुष्कळ. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालण्याचे व्रत कितीतरी स्त्री-पुरुष करतात, कोजागरीला हजारो भाविक सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात, आणि चैत्र-वैशाखात भर दुपारी देवळाच्या आवारातील फरशी तापलेली असते. ज्याचा पाय शाबूत आहे तो त्या फरशीवर उड्या मारत सावली गाठतो. बधिर पायाचा माणूस शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि संध्याकाळी तळव्याला फोड आलेला पाहून चकित होतो. श्रद्धेवर बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे त्यांनी व्रत बदलून घ्यावे, उपवास-पारायण काहीही करावे, पण अनवाणी चालू नये, असे त्यांच्या घरच्यांनी स्पष्ट सांगायला हवे. मामींनी ते सांगितले आणि दोन दिवस घरात अबोला राहिला.

घरातले धोके त्याहून साधे आहेत. पायाला कुरूप झाले की ब्लेडने तासणे, किंवा दुकानातून कुरूप घालवणारी पट्टी आणून लावणे. त्या पट्टीतले आम्ल निबर कातडीबरोबर चांगली कातडीही खाते आणि बधिर पायाला ते कळत नाही. थंडीत पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेणे, पाणी किती गरम आहे ते पायानेच पाहणे. चपलेच्या तळातून वर आलेला खिळा किंवा बुटात पडलेला खडा दिवसभर पायाखाली राहणे. म्हणून पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, पाण्याचा अंदाज कोपराने घ्यावा, आणि रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगावे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: बधिर पाऊल एकाएकी सुजले, लाल झाले, हाताला गरम लागू लागले आणि दुखत मात्र फारसे नसेल, तर ती मुरगळ समजून लेप लावत बसू नये. आतली हाडे ढासळत असण्याची शक्यता असते आणि त्या काळात पायावर भार देणे महागात पडते.

डोळे आणि मूत्रपिंडे यांचीही तीच गत आहे. डोळ्याच्या पडद्यावर बदल होऊ लागले तरी बराच काळ दिसण्यात फरक पडत नाही, आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) वाढते ते मूत्रपिंडांचे बरेच नुकसान होऊन गेल्यावर. त्याआधी लघवीतून प्रथिने झिरपू लागलेली असतात आणि ती साध्या तपासणीत सापडतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी आणि १९९८ च्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासांनी साखर आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे व नसा यांची हानी कमी होते हे दाखवले. दुसऱ्या अभ्यासात रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा फायदाही स्पष्ट दिसला. म्हणजे नशिबाला बोल लावण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासणे, लघवी तपासणे आणि पाय तपासणे, एवढे ठरलेले आहे.

यातली लघवीची तपासणी आता घरी येऊन नमुना नेणाऱ्या पॅकेजमध्ये मिळू शकते. पाय मात्र बाटलीत घालून पाठवता येत नाही, आणि गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांना स्वतःहून विचारायला वेळ नसतो. मामांनी यावर आपल्यापुरता उपाय काढला आहे. नंबर यायच्या आधीच ते बाकावर बसल्या बसल्या मोजे काढून खिशात घालतात आणि तसेच चपला घालून आत जातात.