गाटा लूप्सचा दिवस

पांगला रेंजच नव्हती, म्हणून ही पोस्ट लेहला पोचल्यावर टाकतेय. मनाली-लेह सायकल टूरमधला सरचू ते पांग हा टप्पा सगळ्यात दमवणारा, आणि मला सगळ्यात आवडलेला.

सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. म्हणजे झोपायलाच कळसूबाईच्या अडीचपट उंचीवर! सकाळी लीडरने प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि मगच सायकली हलल्या. थोडा वेळ त्सारप नदीची सोबत, मग गाटा लूप्स. २१ वळणं. चढ तसा सौम्य, खंबाटकी चढलेल्या पायांना काही वाटू नये असा. पण इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे पाय तयार आणि फुप्फुसं संपावर. पाण्याचा एक घोट घ्यायचा तरी तेवढा श्वास हुकतो आणि पुढची दोन मिनिटं धाप लागते.

वाटेत ‘भुताची’ जागा आहे. बर्फात अडकून तहानेने गेलेल्या ट्रक क्लीनरची गोष्ट सांगतात, म्हणून येणारेजाणारे तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. भावना कळते हो, पण तो प्लास्टिकचा ढीग बघवत नाही.

नकी ला (‘ला’ म्हणजे खिंड) झाला, उतरलो, की पुन्हा चढ. लाचुंग ला, पाच हजार मीटरच्या वर! इथे आमच्यातले दोघं सपोर्ट टेम्पोत बसले. लीडर म्हणाला, डोकं दुखायला लागल्यावर सायकल रेटणाऱ्यांचीच त्याला जास्त काळजी वाटते. पटलं.

पांगच्या तंबूत मॅगी. दोन प्लेट, एकटीने.