म्युनिकऐवजी श्टुटगार्ट: कानश्टाटच्या जत्रेचा वृत्तांत

जर्मनीतला शरद ऋतूतला बिअरचा उत्सव म्हटला की सगळी गर्दी म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला लोटते. आम्ही श्टुटगार्टला गेलो. त्यामागचं पहिलं कारण अगदी व्यावहारिक होतं: भाचा तिथे नोकरीला आहे, त्यामुळे हॉटेलचे पैसे वाचणार होते. पुणे-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या धंद्यात असलेल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी या शहरात जाऊन आलेलं असतं. शिवाय श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जुळी शहरं आहेत. दुसरं कारण म्हणजे सोबत आई होती. पंचाहत्तरी गाठलेली, शाकाहारी, दारूच्या वासानेच पदर नाकाला लावणारी. तिला घेऊन म्युनिकच्या रेटारेटीत शिरायची माझी छाती नव्हती.

या उत्सवाचं नाव कानश्टाटर फोल्क्सफेस्ट. गावकरी त्याला नुसतं 'वाझन' म्हणतात, कारण तो ज्या मैदानावर भरतो त्याचं नावच ते आहे. नेकर नदीच्या काठी, बाड कानश्टाट या जुन्या उपनगराला लागून हे मैदान आहे. सप्टेंबरच्या अखेरीस एका शुक्रवारी सुरू होऊन हा उत्सव १७ दिवस चालतो आणि चाळीस लाखांच्या घरात माणसं येऊन जातात. म्युनिकपेक्षा आकडा कमी, पण जर्मनीत दुसरा नंबर याचाच. परदेशी पाहुणे मात्र तुलनेने फार थोडे. आजूबाजूच्या टेबलांवर श्वाबियन, म्हणजे या भागातली जर्मन बोलीच ऐकू येते. भाचा इतकी वर्षं तिथे राहतोय, तरी म्हणतो, "मामा, यातलं मला निम्मंच कळतं."

म्युनिकचा उत्सव १८१० साली राजपुत्राच्या लग्नातून सुरू झाला. इथला सुरू झाला तो दुष्काळातून. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुराळ्यामुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. श्टुटगार्ट ज्याची राजधानी होती त्या व्युर्टेम्बर्गच्या राज्यात पिकं कुजली, लोक उपाशी पडले, कित्येक कुटुंबं देश सोडून गेली. त्याच वर्षी विल्हेल्म पहिला गादीवर बसला. त्याची राणी कातारिना रशियाच्या झारची बहीण. या दोघांनी गरिबांसाठी मदतसंस्था काढली, बचत बँक काढली, होहेनहाइमला शेतकी शाळा काढली (आज तिथे विद्यापीठ आहे), आणि २८ सप्टेंबर १८१८ रोजी, राजाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, शेतकऱ्यांचा मेळावा भरवला. चांगल्या जनावरांना बक्षिसं, घोड्यांच्या शर्यती, असा तो मामला होता. राणी पुढच्याच जानेवारीत गेली, अवघ्या तिसाव्या वर्षी.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगतोय की मैदानात शिरल्यावर मध्यभागी एक २६ मीटर उंचीचा खांब दिसतो. धान्याच्या लोंब्या, भोपळे, फळं, भाज्या यांनी मढवलेला. बहुतेक तरुण मंडळी त्याखाली 'इथे भेटू' म्हणून उभी असतात, वर कुणी बघत नाही. आईने बघितलं. म्हणाली, "म्हणजे हे सुगीचंच आहे की!" आणि त्यानंतर तिची नाराजी गेली ती गेलीच. मलाही वाटतं, या उत्सवाकडे बिअरचा उत्सव म्हणून गेलात तर संध्याकाळचे चार तास हाती लागतील, शेतकऱ्यांची जत्रा म्हणून गेलात तर अख्खा दिवस.

तर दिवस कसा घालवावा? आधी वार ठरवा. सोमवार ते गुरुवार उत्तम. त्यातही बुधवार हा कुटुंबांचा दिवस असतो, पाळण्यांचे आणि खाण्यापिण्याचे दर बऱ्याच ठिकाणी उतरवलेले असतात. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळा. ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरणाची सुट्टी असते, तो दिवसही टाळा. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: मैदानाच्या शेजारीच फुटबॉलचं मोठं स्टेडियम आहे. व्हीएफबी श्टुटगार्टचा घरचा सामना असेल त्या दिवशी लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. तिकीट काढण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक बघून घ्या. गर्दी टाळण्याला अपवाद एकच, पहिला रविवार. त्या दिवशी सकाळी कानश्टाटमधून मिरवणूक निघते. गावोगावचे पारंपरिक वेश, वाजंत्री, पिंपांनी लादलेले ब्रुअरीचे घोडागाडे. ती बघायची असेल तर गर्दी सोसायला हरकत नाही.

श्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनावरून एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पकडली की पुढचंच स्टेशन बाड कानश्टाट. उतरून गर्दीच्या मागे चालत राहायचं. उत्सवाच्या दिवसांत यू-११ ही खास ट्रामही थेट मैदानापर्यंत सोडतात. चालायला त्रास होणाऱ्यांसाठी ती बरी. दिवसाचं ग्रुप तिकीट पाच जणांपर्यंत चालतं, ते एकेकट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. मुख्य स्टेशनाचं बांधकाम वर्षानुवर्षं चाललंय, त्यामुळे तिथे गाडी बदलायची असेल तर हातात वेळ ठेवा. लांबलचक तात्पुरत्या वाटांवरून चालावं लागतं. मोठी सॅक मैदानात नेऊ नका. तपासणीतही वेळ जातो आणि बिअरच्या तंबूत ती ठेवायला जागाही नसते.

मैदानात प्रवेश फुकट. कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सगळं उघडतं. आम्ही सुरुवात केली ती बाजारापासून. हो, बाजार. झाडू, सुऱ्या, मसाले, लोकरीचे मोजे, खिसण्या विकणारे फेरीवाले इथे रांगेने बसतात. खिसणी विकणारा माणूस गाजर खिसत खिसत जे काही बोलत होता ते एक अक्षर न कळता आई पंधरा मिनिटं उभी राहून ऐकत होती, आणि शेवटी खिसणी घेतलीच.

तंबूंबद्दल थोडं सविस्तर सांगतो. तंबू म्हणजे कापडाचा मांडव नव्हे. लाकडी जमीन, स्वयंपाकघर, बँडचा मंच असलेली हजारो माणसांची सभागृहंच ती. बिअर स्थानिक: डिंकेलआकर, श्वाबेनब्रॉय, श्टुटगार्टर होफब्रॉय. देतात ती एक लिटरच्या जाड काचेच्या मगात, त्याला 'मास' म्हणतात. एका मासला साधारण १५ युरो धरून चाला. ही बिअर नेहमीच्या जर्मन बिअरपेक्षा थोडी कडक असते आणि पोटात काही नसताना ती लवकर चढते, तेव्हा आधी जेवण मागवा. लिटरभर झेपणार नसेल तर राडलर घ्या, म्हणजे निम्मी बिअर, निम्मं लिंबू सरबत. कुणी नावं ठेवत नाही. न पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलविरहित बिअर आणि सोडा घातलेला सफरचंदाचा रस मिळतो. आईने तो रस त्याच लिटरच्या मगातून घेतला. साधं पाणी हवं असेल तर 'श्टिलेस वासर' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सोडा येतो.

कामाच्या दिवशी दुपारी तंबूत बहुधा सहज जागा मिळते. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी मात्र आरक्षण लागतं. ते टेबलाचं असतं, म्हणजे आठ-दहा जणांचं, आणि त्यात बिअर व अर्ध्या कोंबडीची कुपनं आधीच घ्यावी लागतात. तीन-चार जणांना ते परवडत नाही. आमच्यासारख्यांनी दुपारी दोनला जाऊन पाचला बाहेर पडावं. दुपारी पितळी वाद्यांचा बँड वाजतो, आजी-आजोबा ठेका धरतात, शेजारचे लोक बोलतात. सातनंतर तोच तंबू ओळखू येत नाही. सगळे बाकांवर उभे, कानठळ्या बसवणारी पार्टीची गाणी, आणि दर थोड्या वेळाने बँडवाले सगळ्यांना मग उचलायला लावतात. भाच्याच्या वयाचे असाल तर मजा आहे. मला तासाभरात पुरे झालं. बाकावर उभं राहिलेलं चालतं, टेबलावर चढलात तर उचलून बाहेर काढतात. बिअरचे मग एकमेकांवर आपटताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ही तिथली रीत. पैसे बिअर आल्या आल्या रोख द्यायचे, वर थोडी टीप. कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही.

खाण्यात इथली शान म्हणजे ग्योकेले, भाजलेली अर्धी कोंबडी. सालीला कुरकुरीत मसाला, हातानेच खायची. मांसाहारी असाल तर हे सोडू नका. माउलटाशन हे मोठ्या मोदकासारखं सारण भरलेलं प्रकरण आहे. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून भिक्षूंनी मांस पिठाच्या पारीत लपवलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. शाकाहाऱ्यांसाठी केझेश्पेट्झले: पिठाच्या छोट्या शेवया, भरपूर चीज, वर तळलेला कांदा. त्यात अंडं असतंच, हे लक्षात घ्या. कोबीबरोबर परतलेल्या बटाट्याच्या शुप्फनूडल्न शाकाहारी दिसतात, पण त्यात अनेकदा श्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. 'ओने फ्लाइश?' (मांसाशिवाय?) एवढं विचारून पुरत नाही, श्पेकबद्दल वेगळं विचारा. उत्सवाचे दिवस पुष्कळदा नवरात्रातच येतात. घट बसलेले असतील तर साखरेत घोळवलेले भाजके बदाम आणि फळं यांवर भागवावं लागेल. आईने तेच केलं आणि बदामाच्या पुड्या पुण्यापर्यंत आणल्या.

कपड्यांचा प्रश्न सगळे विचारतात. पुरुषांची चामडी अर्धी चड्डी आणि डिर्न्डल हा बायकांचा झगा हे मुळात म्युनिककडच्या बव्हेरियाचे, इथले नव्हेत. जुने श्टुटगार्टकर त्यावरून कुरकुरतात आणि त्यांची नातवंडं तेच घालून येतात. भाड्याने घेऊन पैसे घालवू नका. रात्री थंडी पडते, जाकीट मात्र हवंच.

वाझनपासून चालत जाण्याच्या अंतरावर मर्सिडीज-बेंझचं संग्रहालय आहे. सोमवारी बंद. ते तर सगळेच बघतात. मी म्हणेन, बाड कानश्टाटच्या बागेतली डाइमलरची छोटी कार्यशाळा आधी बघा. मोटारगाडीच्या जनकांपैकी गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८०च्या दशकात तिथे गुपचूप इंजिन बनवलं. रात्रंदिवसाची ठोकठाक ऐकून माळ्याला वाटलं की आत खोट्या नाण्यांची टांकसाळ चालली आहे, आणि त्याने पोलीस बोलावले. मुलं बरोबर असतील तर एक दिवस लुडविग्सबुर्गला द्या. राजवाड्याच्या बागेत याच दिवसांत भोपळ्यांचं प्रचंड प्रदर्शन भरतं.

राहण्यासाठी लुडविग्सबुर्ग किंवा एसलिंगेन बघा. दोन्हीकडे एस-बान जाते आणि उत्सवात श्टुटगार्टच्या हॉटेलांचे दर फार चढतात. मुंबईहून फ्रँकफुर्टची थेट विमानं आहेत. तिथल्या विमानतळाच्या स्टेशनावरून श्टुटगार्ट वेगवान आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं. सप्टेंबरची ट्रिप असेल तर अपॉइंटमेंट मे-जूनमध्येच घ्या, उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत तारखा मिळत नाहीत.

आठवण म्हणून मग आणायचा असेल तर तो दुकानातूनच विकत घ्या. तंबूतला मग पिशवीत टाकून निघणं ही तिथे सरळ चोरी धरतात आणि दारावर पिशव्या तपासतात. विकत घेतलेल्याची पावती हाताशी ठेवा, आणि तो मोज्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका. रिकामा असला तरी किलोच्या पुढे भरतो.