लेक सेंट क्लेअरची नोंद: फिरत्या वाऱ्यात टिकणारी लाँगलाइन मांडणी

गेल्या नोंदीत ज्या अडचणीपाशी थांबलो होतो, तिचा बराचसा भाग या आठवड्यात सुटला आहे, आणि तो ज्या रीतीने सुटला ती लेआउट बोटीवरून (शिकारी जिच्यात उताणा पडून दबा धरतो अशा चपट्या बोटीवरून) डायव्हर, म्हणजे बुडी मारून अन्न शोधणाऱ्या, बदकांची शिकार करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे, म्हणून हंगाम संपायची वाट न पाहता लिहितो आहे. आपल्यापैकी जे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या याच तलावावर कॅनडातील ओंटारियोच्या बाजूने उतरतात, त्यांनी आपले अनुभव याच्याशी ताडून पाहावेत.

अडचण थोडक्यात पुन्हा सांगतो. नोव्हेंबरमध्ये थंड हवेची आघाडी येते तेव्हा पहाटे वारा नैर्ऋत्येकडून असतो आणि आघाडी सरकली की तो पश्चिमेवरून फिरत वायव्येला जातो. ब्लूबिल, रेडहेड आणि कॅनव्हासबॅक या डायव्हर बदकांची सर्वांत चांगली हालचाल नेमकी याच वेळी होते, कारण मोकळ्या पाण्यावर विसावलेले मोठे थवे लाटा वाढल्यामुळे उठतात आणि लहान लहान टोळ्यांनी आसरा शोधू लागतात. परंतु दोन्ही टोकांना नांगर टाकलेल्या लाँगलाइन (अनेक डिकॉय, म्हणजे नकली बदके, बांधलेले लांब दोर) वाऱ्याबरोबर फिरत नाहीत. वारा आडवा झाला की मुख्य दोराला पोट येते आणि डिकॉयची जी रांग पक्ष्यांना आत आणण्यासाठी मांडलेली असते, तीच त्यांच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते. डायव्हर बदके पाण्यालगत, वाऱ्याच्या तोंडावर येतात आणि बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यावरून जाणे शक्यतो टाळतात. त्यामुळे ती भिंतीच्या पलीकडच्या कडेला, म्हणजे साठ-सत्तर यार्डांवर उतरतात, आणि तेवढ्या अंतरावर स्टील शॉटने (पोलादी छऱ्यांनी) बार टाकणे म्हणजे पक्षी जखमी करून सोडणे होय. तो बार मी टाकत नाही आणि कोणीही टाकू नये.

पहिला उपाय सर्वांना सुचेल तोच होता: शेपटीचा, म्हणजे वारा जातो त्या टोकाचा, नांगर काढून टाकायचा आणि दोर फक्त वाऱ्याकडच्या टोकाला, म्हणजे शिराला, बांधायचा, म्हणजे नांगरलेल्या नावेप्रमाणे तो आपोआप फिरेल. दोर फिरले, यात शंका नाही. मात्र वारा पुरता फिरल्यावर सहाही दोर एकमेकांवर चढले आणि ते सोडवण्यात शिकारीची उत्तम वेळ निघून गेली. लेआउट बोटीत पाठीवर पडून डाव्या-उजव्या डिकॉयचा एकच ढीग होताना पाहणे आणि समोरून थव्यामागून थवे वळून जाताना पाहणे फार जिवावर येते.

या गुंत्याचे कारण कागदावर आकृती काढल्यावरच स्पष्ट झाले. नैर्ऋत्य वाऱ्याला काटकोनात मांडायचे, तर सहा दोरांची शिरे वायव्य ते आग्नेय या रेषेवर येतात. वारा नव्वद अंशांनी फिरून वायव्येचा झाला की प्रत्येक दोर आपल्या शिरापासून आग्नेयेकडे लांबतो, म्हणजे नेमका पुढच्या दोराच्या अंगावर जातो. शिरांमध्ये पंधरा मीटर आणि दोराची लांबी पस्तीस मीटर असल्यावर गुंता टळणे शक्यच नाही. दोष दोराचा, क्लिपांचा किंवा लाटांचा नव्हता. शिरांच्या रेषेचा होता.

म्हणून आता शिरांची रेषा पहाटेच्या वाऱ्याला काटकोनात न ठेवता पहाटेचा वारा आणि दुपारचा वारा यांच्या मधल्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला, काटकोनात ठेवतो. रेषा सरळ उत्तर-दक्षिण येते. नैर्ऋत्य आणि वायव्य हे दोन्ही वारे तिच्याशी सारखाच तिरका कोन करतात, आणि पंधरा मीटरच्या अंतरापैकी दोन्ही वेळी साडेदहा मीटर आडवे अंतर शिल्लक राहते. लेआउट बोट याच रेषेच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या तीन-तीन दोरांमध्ये नांगरलेली असते. तिचाही मागचा नांगर काढला आहे, त्यामुळे ती दोरांबरोबरच फिरते आणि उताणा पडलेल्या शिकाऱ्याचे पाय नेहमी वारा जातो त्या दिशेलाच राहतात.

या तिरकेपणाचा एक लाभ आधी ध्यानात आला नव्हता. नैर्ऋत्य वाऱ्यात उत्तरेकडचे दोर पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकतात आणि आपोआप एक लांब बाहू तयार होतो. जुने लोक जी इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची मांडणी मुद्दाम करतात, तीच इथे वारा स्वतः करून देतो. हा बाहू तेव्हा शिकाऱ्याच्या डाव्या हाताला असतो, म्हणजे उजव्या खांद्याने बंदूक चालवणाऱ्याला पक्षी सोयीच्या बाजूने येतो. वारा वायव्येला गेला की बाहू उजवीकडे जातो, आणि पडल्या पडल्या उजवीकडे बंदूक फिरवणे अवघड असल्याने तेवढी गैरसोय मात्र होते.

शेपटीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. ती अगदी मोकळी सोडली तर वारा पडल्यावर दोर सैल होतो आणि ड्रॉपर, म्हणजे डिकॉय मुख्य दोराला जोडणाऱ्या आखूड दोऱ्या, मुख्य दोराला वेढे घालतात. आकडे असलेला नांगर लावला तर तो पाणगवतात रुततो आणि सरकत नाही. या तलावाची सरासरी खोली सुमारे साडेतीन मीटर आहे. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत झेब्रा शिंपले प्रथम इथेच आढळले आणि ते पसरल्यानंतर पाणी इतके स्वच्छ झाले की सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचून वनस्पती दूरवर वाढल्या. ब्लूबिलना हे शिंपले खायला मिळतात आणि कॅनव्हासबॅकना वाइल्ड सेलरीचे कंद, हे खरे. पण शरद ऋतूत तुटलेल्या गवताचे पुंजके वाहत येऊन प्रत्येक दोराला लटकतात. यावर साधी लोखंडी साखळी सर्वोत्तम ठरली. शिराला आठ पौंडांचा नांगर आणि शेपटीला सुमारे दोन पौंडांचा साखळीचा तुकडा. सौम्य वाऱ्यात तो दोर ताणून धरतो आणि आडवा जोर वाढला की तळावरून घसरत नवी दिशा घेतो. प्रत्येक दोरावर एकाच बनावटीचे बारा डिकॉय ठेवणे मात्र गरजेचे आहे, कारण जड कील (तळाचा वजनदार कणा) असलेले आणि हलके डिकॉय मिसळले की एक दोर लवकर वळतो आणि दुसरा रेंगाळतो.

दोराबाबत माझे मत आता पक्के झाले आहे. डांबर लावलेला विणीचा नायलॉन दोर शिकारीच्या दुकानातून आकर्षक वेष्टनात घेण्याऐवजी मासेमारीची जाळी पुरवणाऱ्यांकडून मोठ्या रिळावर घ्यावा. तो स्वस्त पडतो, थंडीत ताठ राहतो आणि गाठ धरतो. क्लिपांच्या बाबतीत काटकसर करू नये. टपालाने मागवलेल्या एका स्वस्त संचातील क्लिपा लाटांच्या हिसक्यांनी दोरावर सरकत गेल्या आणि सगळे डिकॉय शेपटीशी गोळा झाले. आता स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा वापरतो आणि दर अडीच मीटरवर दोराला गाठ मारून त्या गाठीच्या फासातच क्लिप अडकवतो. ड्रॉपर जवळजवळ एक मीटरचे ठेवले आहेत, त्यामुळे मोटर वर उचलून टेंडर बोट (लेआउट बोटीच्या मदतीला थांबणारी मोटरबोट) दोरावरून नेता येते.

या मांडणीची खरी परीक्षा परवा अँकर बेच्या तोंडाशी झाली. सकाळी वारा फिरू लागला, आधी उत्तरेकडचे दोन दोर हलले, मग बाकीचे, आणि अर्ध्या तासात सहाही दोर नव्या दिशेला समांतर उभे राहिले. टेंडरवर थांबलेले आमचे ज्येष्ठ शेजारी दुर्बिणीतून पाहत होते आणि त्यांनी रेडिओवर ‘आता हात लावायचा नाही’ एवढेच सांगितले. त्यानंतर ब्लूबिलची वीसेक पक्ष्यांची टोळी पाण्याला घासून आली, बाहूच्या आतल्या कडेने वर सरकली आणि पंख रोखून थेट दोरांमधल्या पोकळीत उतरू लागली. पंचवीस यार्डांवर त्यातला एक नर टिपला आणि तो जागीच पडला. संपूर्ण हंगामात इतका स्वच्छ बार मिळाला नव्हता आणि त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. पुढे रेडहेडची जोडी आली तीही त्याच वाटेने. ब्लूबिलची मर्यादा हंगामागणिक बदलते, म्हणून अशा जवळच्या पल्ल्यावर पक्षी ओळखून मगच बार टाकता येणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्या मित्रांसाठी एक स्पष्टीकरण देतो. उजनीवर किंवा जायकवाडीवर हिवाळ्यात दिसणारे शेंडी बदक आणि इथले ब्लूबिल हे एकाच कुळातले, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे ही शिकार निषिद्ध आहे आणि तिथे दुर्बीण व कॅमेरा हीच साधने योग्य आहेत. इथे अमेरिकेत ती परवाना, फेडरल डक स्टॅम्प (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारे केंद्र सरकारचे तिकीट) आणि शिसेविरहित शॉट यांच्या चौकटीतच करता येते. शिशाच्या छऱ्यांवर पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर बंदी आहे, कारण तळातले अन्न टिपताना बदके ते छरे गिळतात आणि विषबाधेने मरतात. ही बंदी मला पूर्णपणे योग्य वाटते.

पुढच्या आघाडीसाठी आठ दोर करायचे असे ठरवले होते आणि त्यासाठी दोराचे नवे रीळही मागवले आहे. परंतु वरची आकृती शब्दांत मांडताना दुसराच विचार आला. चांगली शिकार मुख्यतः वायव्य वारा स्थिरावल्यावर होते. मग दोन्ही वाऱ्यांना समान वागणूक कशासाठी द्यायची? शिरांची रेषा पश्चिमवायव्येला काटकोनात वळवली आणि शिरांमधले अंतर वीस मीटर केले, तर वायव्य वाऱ्यात साडेअठरा मीटर आडवे अंतर मिळते आणि उजवीकडचा बाहूही आखूड होतो. पहाटेच्या नैर्ऋत्य वाऱ्यात मात्र जेमतेम साडेसात मीटर उरतात, म्हणून दोर कमी करावे लागतील. तेव्हा आठ नव्हे, चारच दोर टाकणार आहे, बोटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि दूरवरून पांढरे दिसणारे नर डिकॉय बाहेरच्या दोरांवर जास्त ठेवणार आहे. वीस मीटर अंतरावर साखळीचे वजन थोडे कमी केले तर चालेल का, हे कोणी करून पाहिले असल्यास तळ वाळूचा होता की गवताचा, हेही सोबत कळवावे.